हात कशानं दुखतो

मुरुडच्या कोळीवाड्यातली केसर लग्नाआधी सातवी पास झाली होती. लग्नानंतर मासळीच्या पाट्या, सुकवण आणि घरचं रांधणं यात ती सातवी कुठे गेली ते तिचं तिलाच कळलं नव्हतं. पण स्वातंत्र्य मिळाल्यानंतर गावोगाव शाळा निघायला लागल्या आणि मास्तरणी कमी पडायला लागल्या. अलिबागला बायकांसाठी एक ट्रेनिंग वर्ग सुरू झाला. केसरचा नवरा अनंता रेवसच्या लाँचवर खलाशी होता. कुणा उतारूच्या तोंडून त्याने ते ऐकलं आणि सुट्टीवर घरी आला तो सांगतच आला.

"तू जा," तो म्हणाला. "सातवी झालेली बाई आपल्या आळीत दुसरी न्हाय."

सासूने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच सुक्या जवळ्याची पुरचुंडी बांधून दिली. साळावपर्यंत एसटी, तिथून तरीने खाडी ओलांडून रेवदंडा, मग पुन्हा एसटी असं करत केसर अलिबागला पोचली. तिथल्या कोळीवाड्यात तिची मावशी भागुबाई एकटी राहायची. राहण्याची सोय तिच्याकडे झाली. अनंताने मुंबईहून एक जुनं फाउंटनपेन आणून दिलं होतं, ते केसरने पदराच्या गाठीत बांधून आणलं.

वर्ग एका नारळाच्या वाडीतल्या कौलारू इमारतीत भरत असे. मुलांचं मानसशास्त्र आणि शिकवण्याची पद्धत हे दोन्ही विषय शिवदास मास्तरांकडे होते. उंच, सडसडीत माणूस, काळा कोट, आवाज खणखणीत. वर्गात आले की ते खुर्चीवर बसत, डाव्या हातात पुस्तक धरत आणि म्हणत, "लिहा."

आणि मग लिहायचं. मास्तर स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा बोलून सांगत. एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू होई. कुणी मागे राहिलं तर थांबणं नाही. शेवटची घंटा झाली की सगळ्या बायका एकमेकींच्या वह्या घेऊन गाळलेले शब्द भरत बसत.

पहिल्या आठवड्यातच केसरच्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका सुरू झाला. मग तो मनगटात गेला आणि तिथून कोपरापर्यंत चढला. दिवाळीच्या सुमारास अशी गत झाली, की संध्याकाळी तिला भाकरी थापता येईना.

"पेन हाय का नांगर?" भागुबाई म्हणाली. तिने खोबरेल तेलात लसूण कडकडवून भाचीचा हात चोळून दिला. चोळताना तिच्या बोटांखाली केसरचा हात लागत होता तो काही नाजूक बाईचा नव्हता. लहानपणापासून पाट्या उचललेला, होडी किनाऱ्यावर ओढताना दोराला लावलेला हात होता तो.

केसर आपल्या हाताकडे बघत राहिली. "मावशी, मी दिवसभर मासळी साफ केली तरी हात कधी दुखला न्हाय. होडीचा दोर ओढला तरी न्हाय. आन् हे पेन तर बोंबलापेक्षा हलकं. मग ह्याच्यानं कसा दुखतो?"

"लिवायची सवय न्हाय म्हणून."

"सवय तर रोजचीच झाली. रोज जास्तच दुखतंय."

भागुबाईने तेलाची वाटी फळीवर ठेवून दिली. पण केसरच्या डोक्यात तो प्रश्न जो शिरला तो निघेना. हात दुखतो याचं दुःख होतंच. त्याहून जास्त तिला तो का दुखतो याची टोचणी लागली.

ती गावातल्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी चोळायला औषध दिलं आणि हाताला आराम द्या म्हणून सांगितलं. वर्ग चालू असताना आराम कुठून द्यायचा? औषधाने कातडी गरम झाली, आतला ठणका होता तिथेच राहिला.

मग केसर दुसऱ्यांचे हात बघायला लागली. तिच्या बाकावर कमळ बसायची. ही उरणकडची, मिठागरवाल्यांच्या घरातली, बारीक चणीची आणि हसरी. कमळचं अक्षर सुरेख होतं आणि तिचा हात अजिबात दुखत नसे. ती पेन अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या चिमटीत न धरता तर्जनी आणि मधलं बोट यांच्या फटीत ठेवी.

"हेच गुपित!" असं वाटून केसरने तसं पेन धरायला घेतलं. चार दिवस तिची अक्षरं कालवणातल्या कोळंबीसारखी वाकडी झाली आणि हात दुखायचा तो दुखलाच.

"ते माझ्या बोटांना जमतं," कमळ म्हणाली. "तुझी बोटं निराळी."

"बोटं निराळी खरी. पण दुखतं तिथं बोटं कुठं हायत?" केसरने डाव्या हाताने आपला उजवा हात कोपराखाली दाबून बघितला. "दुखतं ते हितं. पेन तिकडं आन् दुखणं हिकडं!"

मग ती डावा हात तसाच ठेवून लिहायला लागली. हाताखालचा स्नायू दगडासारखा घट्ट झालेला तिला लागला. तिने एक ओळ लिहिली, दुसरी लिहिली. तो तसाच घट्ट. लिहिता लिहिता थांबून पुढचा शब्द ऐकत होती तेव्हाही तो घट्टच होता. म्हणजे पेन चालत नव्हतं तेव्हासुद्धा तिची मूठ पेनाला सोडत नव्हती.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर तिने कमळला ओढत विहिरीवर नेलं.

"मी पाणी ओढते. तू माझा हात धरून ठेव. इथं, कोपराखाली. काय होतं ते सांग."

विहिरीवर धुणं धुणाऱ्या बायका हसायला लागल्या. एक बाई पाणी ओढतेय आणि दुसरी तिच्या हाताची नाडी बघितल्यासारखी तिला चिकटून चाललीय! कमळलाही हसू आवरेना. पण दोन कळशा ओढून झाल्यावर ती गंभीर झाली.

"केसर, हा दोर ओढताना घट्ट होतो, आणि पुढे धरायला हात सोडतेस ना, तेव्हा मऊ पडतो. घट्ट, मऊ. घट्ट, मऊ."

"मऊ पडतो?"

"अगदी लोण्यासारखा."

केसरने दोर खांबाला अडकवला. तिला एकदम आनंद झाला. पाण्याने भरलेली कळशी जड होती, तरी हात मधे मधे सुटत होता. पेनाला वजनच नव्हतं, पण वर्गात बसल्यापासून घंटा होईपर्यंत हात एकदाही सुटत नव्हता. निसटत्या माशाला पकडावं तसं ती पेन पकडून बसत होती. दुखत होतं ते ओझ्याने नव्हे, न सोडण्याने.

घरी जाऊन तिने उद्योग सुरू केले. पेन फार बारीक म्हणून दाबावं लागतं असं वाटून तिने त्याच्यावर जाळं विणायचा दोरा गुंडाळला. पेन जाड झालं, पकड सैल झाली. मग तिने मनगट वहीवर रोवून बसण्याऐवजी कोपरापासून सगळा हात सरकवत लिहून बघितलं. अक्षरं मोठी आली, पण ठणका कमी झाला. ओळ संपली की ती बोटं उघडायची आणि हात मांडीवर सैल टाकायची. भागुबाई मासळी निवडता निवडता बघत होती. ती म्हणाली, "आता कसं, माणसासारखी लिवतेस. आधी भांडत हुतीस."

घरी हे सगळं जमलं. वर्गात मात्र काहीच जमेना. मास्तरांच्या दोन वाक्यांमधे बोटं उघडायला फटच नव्हती. हात सैल सोडला की तीन शब्द गेले. मग ते पकडण्याच्या घाईत पुन्हा तीच घट्ट मूठ.

मास्तरांशी बोलायलाच हवं होतं. कमळ नको म्हणाली. "ते रागावले तर?" पण केसरला आता आणखी एक गोष्ट दिसली होती. सगळ्यांचे हात बघायची खोड लागल्यावर तिने मास्तरांचाही हात बघितला होता. त्यांच्या मागे चांगला काळा फळा होता, खडूही होते, पण मास्तरांनी कधी फळ्यावर एक अक्षर काढलं नव्हतं. हजेरी ते एका मुलीला मांडायला सांगत. पुस्तक कायम डाव्या हातात असे आणि उजवा हात कोटाच्या खिशात. त्यांच्या उजव्या हाताला काहीतरी झालंय, अपघात वगैरे, असा केसरने अंदाज बांधला.

रविवारी दुपारी ती त्यांच्या घरी गेली. मास्तर ओटीवर पाटावर बसले होते. कोट नव्हता. आणि त्यांच्या उजव्या हातात अडकित्ता होता. कागदासारखे पातळ सुपारीचे काप त्यातून पानदानात पडत होते. केसर उंबऱ्याशीच थांबली. असे काप करायला हात किती शाबूत लागतो ते तिला चांगलं ठाऊक होतं.

"बस," मास्तर म्हणाले. "काय काम काढलंस?"

केसरने आपलं गाऱ्हाणं सांगितलं. हात कसा दुखतो, विहिरीवर काय केलं, दोरा का गुंडाळला. मास्तर ऐकत होते. विहिरीची गोष्ट ऐकताना अडकित्ता थांबला. शेवटी ती म्हणाली, "दोन वाक्यांच्या मधे तुमी जरा थांबलात, तर आमचे हात सुटतील."

"परीक्षेत घड्याळ थांबणार आहे का?" मास्तरांचा आवाज वर्गातला झाला. "भरभर लिहायची सवय आत्ताच व्हायला हवी."

"व्हय. पण मास्तर, एक विचारू का? रागावू नका." तिची नजर अडकित्त्यावर होती. "तुमचा हात तर चांगला चालतो. मग तुमी फळ्यावर का लिवत न्हाय?"

मास्तरांनी अडकित्ता खाली ठेवला. आत वेणूबाई, त्यांची बायको, भांडी लावत होती. ती हातातलं भांडं तसंच घेऊन बाहेर डोकावली. केसरला वाटलं, आता आपल्याला हाकलून देणार.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाय. मी हात बघत असते."

मास्तरांनी पानदान बाजूला सारलं. मग हळूहळू सांगायला लागले. तरुणपणी ते कचेरीत नक्कलनवीस होते. खाली कार्बनचे कागद घालून एका वेळी अनेक प्रती काढायच्या, म्हणून जोर देऊन लिहायचं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आधी हात दुखायला लागला. साहेबाला सांगायची सोय नव्हती. मग एक दिवस दुखणं थांबलं आणि निराळंच काहीतरी सुरू झालं. पेन कागदाला लागलं की बोटं आपोआप आत वळायची, मनगट मुरडायचं, अक्षर म्हणून काही उमटायचंच नाही. ती नोकरी सुटली. पाठांतर आणि वाणी चांगली म्हणून ते शिकवण्याकडे वळले.

"जेवताना काही होत नाही," ते म्हणाले. "सुपारी कातरतो, सुईत दोरा ओवतो, पेटी वाजवतो. फक्त लिहायला बसलो की हा हात माझा राहत नाही. लोकांना सांगितलं तर म्हणतात, ढोंग आहे. म्हणून सांगत नाही."

"आन् फळ्यावर? फळ्यावर काय होतं?"

"तेच होणार."

"होणार? म्हंजे लिवून बघितलं न्हाय तुमी?"

 खरंच, त्यांनी बघितलं नव्हतं. कागदावर जी फजिती झाली ती पोरीबाळींसमोर फळ्यावर व्हायला नको म्हणून त्यांनी खडूला हातच लावला नव्हता.

केसर पुढे सरकली. तिला आता भीती उरली नव्हती, नुसती उत्सुकता होती. "मास्तर, कागदावर बोटं लिवतात. पण फळ्यावर तर सगळा हात लिवतो, खांद्यापासून. कोण जाणे, निराळं होईल. बघू या का?"

घरात फळा नव्हता. ओटीवरचं दार मात्र तेलपाण्याने काळं झालेलं होतं. वेणूबाई आतून रांगोळीचा खडा घेऊन आली. मास्तर उठले. दारासमोर उभं राहून त्यांनी खडा धरला, पण दाराला लावला नाही. त्यांनी मागे वळून केसरकडे बघितलं.

"मोठं काढा," ती म्हणाली. "परातीएवढं. आन् खडा दाबू नका."

मास्तरांनी हात उचलला आणि खांद्यातून फिरवला. दारावर एक भलंमोठं 'अ' उमटलं. थोडं कललेलं, पण 'अ'च. बोटं वळली नाहीत. त्यांनी 'आ' काढलं. मग 'इ'. मग दाराच्या वरच्या फळीपासून खालपर्यंत, ओणवं होत होत, आपलं पूर्ण नाव लिहिलं. लिहून झाल्यावर हातातला खडा उलटसुलट करून ते बघत राहिले, जणू करामत त्या खड्याचीच होती.

"आता बारीक काढून बघा," केसर म्हणाली.

त्यांनी बोटाच्या पेराएवढं 'अ' काढायला घेतलं. निम्मं झालं आणि अंगठा आत वळला. पुन्हा मोठं काढलं, जमलं. पुन्हा बारीक, नाही.

"अक्षर तेच," मास्तर पुटपुटले. "हात तोच. मग असं का?"

"तेच तर," केसर म्हणाली. दोघंही दारासमोर उभी राहून त्या अक्षरांकडे बघत राहिली. 

वेणूबाईने पदराने डोळे टिपले आणि चहा टाकायला आत गेली. जाता जाता म्हणाली, "दार पुसू नका आज कुणी."

सोमवारी मास्तर वर्गात आले, पण खुर्चीवर बसले नाहीत. "वह्या मिटा," असं त्यांनी सांगितलं तेव्हा बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ते बोलायला लागले. मूल खोटं का बोलतं, मूल हट्ट का करतं, हे आपल्या घरातल्या पोरांची उदाहरणं देऊन सांगू लागले. बायकांनीही आपापल्या पोरांच्या कागाळ्या सांगितल्या. वर्गात पहिल्यांदाच हशा पिकला. मग मास्तर फळ्याकडे वळले. मोठाल्या, किंचित कललेल्या अक्षरांत त्यांनी चारच मुद्दे लिहिले आणि म्हणाले, "आता वह्या उघडा. या मुद्द्यांवरून आपल्या शब्दांत लिहा. घाई नाही."

सगळ्यांना ते आवडलं असं नाही. कमळला तर मुळीच आवडलं नाही. "आपल्या शब्दांत म्हणजे कुठल्या? परीक्षेत चुकलं तर?" असं म्हणून ती रडकुंडीला आली. तिला शब्दन् शब्द उतरवायची सवय होती आणि तिचा हात कुठे दुखत होता? तिच्यासाठी मास्तर आठवड्यातून एक दिवस पूर्वीसारखं सांगून लिहवून घेऊ लागले, मात्र वाक्यावाक्याला थांबून. तेवढ्या वेळात केसर बोटं उघडून हात मांडीवर टाकायची. हळूहळू बाकावरच्या इतर बायकाही तसं करायला लागल्या. मग अशाही काही जणी निघाल्या, की ज्यांचा हात पहिल्यापासून दुखत होता, पण लाजेने त्या बोलल्या नव्हत्या.

केसरचं दुखणं एका दिवसात गेलं नाही. बाक उंच होता, त्यावर लिहिताना खांदा वर चढायचा, हे तिला बऱ्याच उशिरा कळलं. मग ती घरून पोतं आणायची आणि घडी करून त्याच्यावर बसायची. थंडीच्या दिवसांत सकाळी बोटं आखडलेली असत, तेव्हा लिहायच्या आधी ती मुठी उघडझाप करून घ्यायची. आणि कधी कधी सगळं नीट करूनही दुखायचंच. तेव्हा ती पेन ठेवून नुसतं ऐकायची आणि नंतर कमळची वही मागून घ्यायची.

परीक्षा एप्रिलमधे झाली. पहिल्या पेपरला केसर इतकी घाबरली, की शिकलेलं सगळं विसरून तिने पेन पुन्हा आवळून धरलं. निम्म्या पेपरात ठणका कोपरापर्यंत पोचला. तिने पेन खाली ठेवलं, दोन्ही हात बाकाखाली लोंबते सोडले आणि पर्यवेक्षक संशयाने जवळ येऊन उभे राहिले तरी डोळे मिटून बसून राहिली. मग पुन्हा लिहायला घेतलं. एक प्रश्न राहून गेला. पुढचे पेपर बरे गेले. ती पास झाली, कमळच्या खूप खाली, पण पास झाली. निकाल ऐकून भागुबाईने कोळीवाड्यात घरोघर पेढे वाटले आणि प्रत्येक घरी सांगितलं, की या हाताला तेल मीच चोळलंय.

मे महिन्यात, पावसाळ्यासाठी लाँच बंद व्हायच्या आधी शिवदास मास्तर मुंबईला गेले. रेवसहून अनंताच्याच लाँचवर. केसरने त्यांना फारच भंडावलं होतं, की एवढ्या मोठ्या मुंबईत कुणातरी डॉक्टरला हे ठाऊक असेलच. ते परत आले तेव्हा ती मुरुडला निघायच्या तयारीत होती. मास्तर स्वतः भागुबाईच्या दारात आले. भागुबाईने घाईघाईने सुकत घातलेले बोंबील बाजूला सारले आणि पाट मांडला.

"काय म्हणाले डॉक्टर?" केसरने पाणी द्यायच्या आधीच विचारलं.

"म्हणाले, याला नाव आहे." मास्तरांचा चेहरा उजळलेला होता. "पुस्तकात आहे हे. विलायतेत कारकुनांना होतं, तारा पाठवणाऱ्यांना होतं, वाद्यं वाजवणाऱ्यांनाही होतं. ढोंग नाही."

"आन् औषध?"

"औषध नाही."

"असं का होतं, ते सांगितलं?"

"ते त्यांनाही ठाऊक नाही."

"त्यांनाही न्हाय?" केसर थोडी हिरमुसली. पण लगेच पुढे झुकली. "मग मास्तर, डाव्या हातानं लिवून बघितलंत का तुमी?"

मास्तर हसले आणि खिशातून एक कागद काढून तिच्यासमोर धरला. त्यावर बालवाडीतल्या पोराने काढावीत तशी, वेडीवाकडी, लहानमोठी अक्षरं होती. लाँचमधे बसून गिरवलेली.

"हा बघ. खालून दुसऱ्या ओळीपासून डाव्याचाही अंगठा दुखायला लागलाय," ते म्हणाले. "आता सांग, माझं काय चुकतंय?"

केसरने कागद बाजूला ठेवला आणि त्यांच्या डाव्या हातात पेन दिलं. "लिवून दाखवा," ती म्हणाली, आणि बघायला त्यांच्या शेजारी खाली बसली.